उताऱ्याखालचे पाच प्रश्न

बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गावर भागाकार शिकवत होते. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी मोबाइल हातात धरून दारात आले आणि त्यांनी तो माझ्यापुढे केला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही आता पात्रता परीक्षा पास व्हावी लागणार, ठरलेल्या मुदतीत, नाहीतर नोकरी सोडावी लागणार, असं त्यात लिहिलं होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेल्यांना सूट होती. गुरुजी त्यात बसत होते. माझी बावीस वर्षं झाली होती आणि अकरा बाकी होती.

मी मोबाइल परत दिला, फळ्याकडे वळले आणि राहिलेलं गणित पूर्ण केलं. बाकी चुकली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने ती चूक दाखवली. पुसायला डस्टर उचलला, तर तो हातातून सुटून खाली पडला.

दीडशे मार्कांचा पेपर असतो. त्यातलं मराठी, गणित, परिसर अभ्यास, मुलांच्या मनाचा अभ्यास, याची मला धास्ती नव्हती. ते मी रोज शिकवत होते, रोज पाहत होते. पण तीस मार्क इंग्रजीचे होते. थोडे व्याकरणाचे प्रश्न, मग उतारे, आणि उताऱ्याखाली प्रश्न. त्यात काय लिहिलं आहे, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे, त्यावरून काय ठरवता येतं. बाकीच्या विषयांत ओढून न्या, असं सगळे म्हणत होते. मी घरी बसून चारदा हिशेब करून पाहिला. इंग्रजीत निम्मे तरी पडल्याशिवाय मी काठाला लागत नव्हते.

माझी खरी अवस्था कुणालाच माहीत नव्हती, नवऱ्यालाही नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पाचवी ते दहावी मी ते पाठ करून काढलं. अर्थ न कळता पाठ करायची मला इतकी सवय होती की निबंधसुद्धा स्वल्पविरामासकट यायचे. दहावीला काठावरचे मार्क पडले, डी.एड. मराठीतून झालं, आणि नोकरी लागली तेव्हा पहिलीपासून इंग्रजी सुरू झालेलं होतं. मग दर उन्हाळ्यात मी पुढच्या वर्गाचं पुस्तक घेऊन बसायचे. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठीत उच्चार लिहायचे, गाइडमधून अर्थ उतरवायचे, कविता चालीवर बसवायचे. मुलं टाळ्या वाजवत म्हणायची, आईबाप खूश व्हायचे. बावीस वर्षं पहिली ते चौथीचं इंग्रजी मी शिकवलं, आणि पुस्तकाबाहेरचा एक परिच्छेद मला धड वाचता येत नाही हे कुणाला कळलं नाही. कळेल, ही भीती मात्र बावीस वर्षांत एक दिवसही सुटली नव्हती. आता तिला तारीख मिळाली होती.

हिंगणघाटला, जिथे आम्ही राहतो, तिथे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी क्लास सुरू झाला. मीही नाव घातलं. पन्नास-साठ जण असू. निम्मी विशीतली मुलंमुली, निम्मे आमच्यासारखे, चष्मे घातलेले, पाय अवघडून बाकांवर बसलेले. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे होते. पहिले दोन रविवार व्याकरणात गेले आणि मला जरा धीर आला, कारण नियम मला पाठ होते. कुठे सिन्स, कुठे फॉर, हे मी झोपेतही सांगितलं असतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी उताऱ्यांचे कागद वाटले, दहा मिनिटं दिली आणि खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं मनाने लिहायला सांगितली.

उतारा एका म्हाताऱ्या माणसाचा होता. तो लाइटहाउसमध्ये एकटा राहतो, वादळ येतं, दिवा विझतो, असं काहीतरी. लाइटहाउस हा शब्द मी पाहिला आणि मला वाटलं, हे आपलं लाइट ऑफिस. आमच्याकडे वीज मंडळाच्या कचेरीला सगळे लाइट ऑफिसच म्हणतात. मग मला तो माणूस लाइनमन दिसायला लागला. वादळात लाइट जाते, हे आमच्याकडे दर वर्षीचंच. पुढे शिप हा शब्द दोन-तीनदा आला होता. तो मी शीप असा वाचला, म्हणजे मेंढ्या. अंधारात मेंढ्या दगडांवर आपटून मरतील अशी त्या माणसाला काळजी आहे, एवढं मी जुळवलं. मधे सी हा शब्द होता, तो मी सोडून दिला. त्याला कशाची भीती वाटत होती, या प्रश्नाखाली मी लिहिलं की लोक तक्रार घेऊन ऑफिसवर येतील आणि मेंढ्यांची भरपाई मागतील, याची.

सरांनी नेमकं मलाच उभं केलं. म्हणाले, मॅडम, उतारा मोठ्याने वाचा आणि तुमची उत्तरं सांगा. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीपाशी माझा आवाज मलाच ऐकू येईना. ओठ हलत होते, कानात नुसती घुमघुम. वाचून झालं की नाही हे मला आजही सांगता यायचं नाही. पण उत्तर मी सांगितलं. लाइनमन, मेंढ्या, भरपाई, सगळं सांगितलं. आधी कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हसली आणि सगळा वर्ग हसला. दुष्टपणे नाही. सर स्वतः हसले नाहीत, म्हणाले, "होते असं, मॅडम. बसा."

मी बसले. थोड्या वेळाने बसची वेळ झाली असं शेजारणीला सांगून उठले. माझं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर होतं. जिना भिंतीला धरून उतरले, आणि परत त्या क्लासला गेले नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी लपून अभ्यास केला, म्हणजे पुस्तक लपवलं आणि अभ्यास केला नाही. सरावाचं पुस्तक मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलं होतं. ते उघडून बसायचे. पहिल्या ओळीवर डोळे फिरायचे, शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटायची, परत पहिली ओळ. एकेक अक्षर ओळखीचं, शब्दही बरेच ओळखीचे, पण एका ओळीत उभे राहिले की अनोळखी माणसांच्या घोळक्यासारखे वाटायचे. मग मी पुस्तक मिटायचे आणि काहीतरी काम काढायचे. शाळेत गुरुजी विचारायचे, चालू आहे ना तयारी. मी हो म्हणायचे.

हिवाळ्याच्या तोंडावर सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेले. त्या आत गेल्या आणि मी बाहेर बाकावर बसले. वेळ पुष्कळ होता म्हणून ते पुस्तक काढलं. कव्हर एका कोपऱ्यात फाटलं होतं. समोरून जाणारी एक नर्स दोन पावलं पुढे जाऊन थांबली, वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"मॅडम, हे कोणासाठी घेतलं?"

मी म्हटलं, भाचीसाठी. ती म्हणाली, "मले ओळखलं नाई तुम्ही. मी अल्लीपूरकडची. तिसरी-चौथीत तुमच्याच वर्गात होती."

अल्लीपूरकडच्या एका लहान गावात माझी पहिली नेमणूक होती. तिने वस्तीचं नाव सांगितलं तेव्हा मला तिची आई आठवली. गावाच्या टोकाला गोंडांची सात-आठ घरं होती, बायका एकमेकींशी त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि आम्ही दिसलो की गप्प व्हायच्या. ही मुलगी मात्र मला काही केल्या आठवेना. मी आठवल्यासारखं केलं. ती शेजारी बसली, पुस्तक हातात घेऊन तिने पानं चाळली आणि सांगितलं की तीही इंग्रजीच्याच परीक्षेचा अभ्यास करते. परदेशात नर्स म्हणून जायचं तर ती परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली होती, आणि दोन्ही वेळा वाचनात थोडक्यासाठी राहिली होती. हे तिने इतक्या सरळ सांगितलं की मला माझं खोटं तोंडात टोचायला लागलं. भाची नाही, मीच, असं मी म्हणून टाकलं. ते मोठ्याने बोलण्याची ती पहिली वेळ. तिने आश्चर्य दाखवलं नाही. रविवारी दुपारी तिला सुट्टी असते, सावंगीतच खोली आहे, तेव्हा येत जा, असं म्हणाली. आणि उठताना, "येजा मॅडम, खरंच येजा," असं परत म्हणाली.

मी गेले. पहिल्या रविवारी हिंगणघाट स्टँडवर वर्ध्याच्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीत बसले. वर्ध्याला उतरून सावंगीची ऑटो. खोली लहान होती. दोन खाटा, एक टेबल, भिंतीवर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तिच्यासोबत राहणारी मुलगी ड्यूटीवर होती. हिने मला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसली आणि म्हणाली, एक उतारा वाचून दाखवा. मी म्हटलं, आज नको, आज तू वाच, मी ऐकते.

तिने समजावलेली पहिली गोष्ट मला अजून उपयोगी पडते. पेशंटची फाईल हातात आली की आपण ती अक्षरन् अक्षर वाचत बसत नाही, असं ती म्हणाली. ताप किती, औषध कोणतं, शेवटचं कधी दिलं, एवढं शोधतो, मग बाकीचं आपोआप लागतं. तसा आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात त्याची जागा शोधायची. एखादा शब्द नाही आला तर त्याच्याभोवतीचे शब्द काय सांगतात ते पाहायचं. लाइटहाउसची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती हसली नाही. उताऱ्यात पाणी, लाटा, असं काही होतं का, एवढंच तिने विचारलं. होतं. मी ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण माझ्या लाइनमनच्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

व्याकरणात मात्र ती कच्ची होती आणि मी पक्की. कर्मणी प्रयोग तिला कुणी नीट सांगितलाच नव्हता. मी मराठीतून सांगितला, नर्सने इंजेक्शन दिलं, इंजेक्शन दिलं गेलं, आणि मग इंग्रजीत काय बदलतं ते फळ्यावर लिहिल्यासारखं वहीत लिहून दाखवलं. अनलेसपाशी ती नेहमी अडायची. ताप आल्याशिवाय गोळी देऊ नका, या वाक्याचा अर्थ ती घाईत उलटा लावायची, आणि आपण असं करतो हे कळल्यावर तिचा चेहरा उतरायचा. वॉर्डात असं कधी झालं नाही, असं ती लगेच सांगायची. पण ती ते मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. अशा वेळी ती हातातला पेन इतका घट्ट धरायची की नखं पांढरी पडायची. मला तेव्हा कळलं की या खोलीत भिणारी मी एकटी नाही.

पाचव्या की सहाव्या रविवारी ती गोष्ट झाली. तिने मोबाइलवर वेळ लावली, उतारा माझ्यापुढे ठेवला. मी दोन ओळी वाचल्या आणि पाणी प्यायला उठले. परत बसले, आणखी दोन ओळी, मग तोंड धुऊन येते म्हणून न्हाणीत गेले. बाहेर आले तेव्हा तिने वेळ बंद केली होती.

"तुम्ही दर वेळेस उठता मॅडम," ती म्हणाली. "वेळ लावली का उठता."

मी म्हटलं, डोळे चुरचुरतात. तिने मोबाइल उलटा ठेवला. मग खाली पाहत म्हणाली, "साहेब यायचे तेव्हा तुम्ही मले झाडायले पाणी टाकायले पाठवत होत्या. आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"आम्ही तिघी-चौघी होतो. जीप दिसली का तुम्ही म्हणायच्या, जा, बादली घ्या. मले लय भारी वाटे. वाटे, मॅडमचा माह्यावर भरवसा हाय. पाचवीत दुसऱ्या शाळेत गेली, तिथं साहेब आले. सरनं मले उभं केलं, इंग्रजीचं पुस्तक देल्लं, वाच म्हणे. मी दाराकडं पाहून राह्यली. मले वाटलं, आता सर म्हणतीन, जा, पाणी टाक. तेव्हा समजलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी खुर्चीत बसून राहिले आणि हळूहळू मला सगळं दिसायला लागलं. शाळेच्या कंपाउंडमधली कडुलिंबाची रोपं, पत्र्याची बादली, जीपचा आवाज. विस्तार अधिकारी तपासणीला यायचे, मुलांना इंग्रजी वाचायला लावायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यावरून ते माझ्याकडे वळतील, मला काही विचारतील, इंग्रजीतून विचारतील, या भीतीने मी न वाचणारी पोरं बाहेर काढत होते. सगळ्यात आधी ती, ज्यांच्या घरी मराठीही परकी होती. हे मी किती वर्षं केलं, किती पोरांना पाठवलं, याची मला गणती नाही. तिला विचारलं, "तू मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय होत होतं," ती म्हणाली. "आता सांगतलं, काऊन का तुम्ही बी तसंच करून राह्यल्या. सोताले बाहेर पाठवून राह्यल्या."

त्या दिवशी मी उतारा पूर्ण वाचला. पाचपैकी दोन उत्तरं बरोबर आली. परतीच्या गाडीत मला माझ्या परीक्षेची आठवणसुद्धा झाली नाही. मी त्या दुसऱ्या मुली आठवत होते. एकीचंही तोंड आठवत नव्हतं. त्या कुठे असतील, कुणाच्या दाराकडे पाहत उभ्या राहिल्या असतील, या विचाराने मला जी भीती वाटली ती नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा वेगळी होती. नोकरीच्या भीतीला निदान एक मुदत होती.

त्याच महिन्यात वडनेरजवळच्या माझ्या आत्ताच्या शाळेत अधिकारी आले. तिसरीचा वर्गही माझ्याकडेच आहे. त्यात एक मुलगी आहे, बी आणि डी यांच्यात घोळ करणारी, शब्द उलटा वाचणारी. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा माझी नजर आपोआप तिच्याकडे गेली आणि मग दाराकडे. मी तिला कुठेही पाठवलं नाही. साहेबांनी नेमकं तिलाच उभं केलं. ती पुस्तक धरून उभी राहिली, फार वेळ. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले, ओळीवर बोट ठेवलं. तिने तीन शब्द वाचले, त्यातला एक चुकला. साहेबांनी मला विचारलं, किती वर्षं आहात इथे. मी सांगितलं. भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं की तिसरीचं इंग्रजी वाचन समाधानकारक नाही. खाली मी सही केली, ती नेहमीसारखी आली नाही. ती मुलगी मधल्या सुट्टीत नेहमीसारखी खेळली. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही, वरून काही विचारणा येईल म्हणून. आली नाही.

परीक्षा वर्ध्याच्या एका शाळेत होती. फाटकाशी बूट-चपला काढायला लावल्या, बायकांच्या वेण्या-अंबाडे चाचपून पाहिले, एक यंत्र अंगावरून फिरवलं. रांगेत माझ्यापुढे केस पांढरे झालेले एक गुरुजी होते, पायात मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी भोक. ते ओळखपत्र पुन्हा पुन्हा काढून पाहत होते. माझ्यामागे विशीतली एक मुलगी होती. ती मला म्हणाली, काकू, तुम्ही पाल्यासोबत आल्या असाल तर तिकडे थांबा. मी तिला माझं प्रवेशपत्र दाखवलं.

मी आधी मराठी सोडवलं, मग गणित, मग बाकीचं. इंग्रजी शेवटी ठेवलं. उतारा जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा होता. पहिली ओळ वाचली, कानात ती घुमघुम सुरू झाली, आणि उठावंसं वाटलं. उठून जायला तिथे कुठे जागा नव्हती. मी बाकाची कड धरली. प्रश्न वाचले. फाईल आहे, म्हटलं, फाईल, एकेक शोध. पहिलं सापडलं. दुसरं सापडलं. तिसऱ्याला लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे असं होतं, तिथे मी अडले, पुढे गेले, परत आले. चार गोल रंगवले. पाचवा रंगवताना माझं लक्ष गेलं की उत्तरपत्रिकेवर मी एक ओळ खाली आहे. अठ्ठ्याहत्तरच्या जागी एकोणऐंशी. मागे पाहत गेले तर व्याकरणाच्या शेवटच्या सहा प्रश्नांपासून सगळे गोल एकेक घर खाली सरकलेले होते. काळा पेन, पुसायची सोय नाही. तेव्हा मी मोठ्याने काही बोलले असेन, कारण पर्यवेक्षक बाई जवळ आल्या आणि पाणी हवं का विचारून गेल्या.

सरकलेल्यांपैकी दोन योगायोगाने बरोबर बसत होते, ते मी मोजले. उरलेले प्रश्न नीट घरात रंगवले. घंटा झाली. बाहेर आल्यावर चपला सापडेपर्यंत मी रडले नाही. नवरा फाटकाबाहेर मोटारसायकल घेऊन उभा होता, त्याला सांगितलं की गेलं सगळं. त्या वेळी मी त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, पेन्सिलने लिहिलेले उच्चार, लाइनमन, जिना. त्याने मोटारसायकल स्टँडवर लावली. मग म्हणाला की त्याला हे आधीपासून माहीत होतं, दर उन्हाळ्यात मी पुस्तकात काय लिहिते ते त्याने पाहिलं होतं.

निकालापर्यंतचे आठवडे कसे गेले ते नीट सांगता येत नाही. सकाळी जाग आली की आधी तीच गोष्ट आठवायची. निकाल लागला त्या दिवशी गुरुजींनीच त्यांच्या मोबाइलवर माझा नंबर टाकला, कारण माझी बोटं चुकीचे आकडे दाबत होती. इंग्रजीत तेरा, म्हणजे निम्मेही नाहीत, पण बाकीच्या विषयांनी ओढून नेलं होतं. आणि एकूण, काठाच्या वर फक्त दोन. गुरुजींनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. मुलांना कशाच्या टाळ्या ते कळलं नाही. मला आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन की मला फार थकवा आला. आणि लगेच नवी भीती, की मोजण्यात काही चूक निघेल, निकाल बदलेल. महिनाभर मी रोज तो नंबर टाकून पाहिला.

सावंगीच्या पोरीची परीक्षा त्यानंतर दीड महिन्याने नागपूरला होती. तोपर्यंत मी दर रविवारी जात राहिले. आता मोबाइलवर वेळ मी लावायचे. निकालाच्या दिवशी तिने फोन केला नाही तेव्हाच मी समजले. ऐकणं, बोलणं, लिहिणं, तिन्हींत ती पास होती. वाचनात परत राहिली, अगदी थोड्यासाठी. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा तिची आई खोलीत होती, दोन दिवसांसाठी आलेली. पोरगी आता रडत नव्हती. तिने उन्हाळ्यातली पुढची तारीख बघून ठेवली होती आणि नवे उतारे छापून आणायला म्हणून ती दुकानात गेली.

आई भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. माझ्याशी ती आधी कधी बोललेली नव्हती. शाळेत यायची तेव्हाही दाराबाहेर उभी राहायची. मी खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने ती स्वतःहून बोलली, तुटक मराठीत, मधेच थांबून शब्द शोधत.

"नाई झाली पास त रडते. झाली त पोरगी जाईन, लय दूर. मी देवाले काय मागू, मॅडम?"

मला काहीतरी धीराचं सांगता आलं असतं. नर्स मुली जातात, वर्षातून एकदा येतात, मोबाइलवर रोज दिसतात. मी म्हटलं, "मले नाई माहीत, बाई. मले बी दोन्हीची भीती वाटते."

तिने मान हलवली, जशी एखादी पटल्यावर हलवते. मग तिने पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या, आणि आम्ही दोघी पोरगी येईपर्यंत त्या सोलत बसलो.